अजूनही नवा

बाबा गेल्यानंतर तिला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती त्यांचा आवाज विसरण्याची. चेहऱ्याची काळजी नव्हती, फोटो ढीगभर होते. हात तर डोळे मिटले तरी दिसायचे, नखांच्या कडांना सरस वाळलेला, उजव्या अंगठ्यावर पटाशीचा जुना व्रण. आवाज मात्र हळूहळू निसटत होता. एका सकाळी दात घासताना तिने मनातल्या मनात त्यांच्याकडून "झाला का गं चहा?" असं वदवून घेतलं. शब्द बरोबर आले, पण आवाज तिचा स्वतःचाच होता. ब्रश तोंडात तसाच धरून ती बेसिनपाशी थोडा वेळ उभी राहिली आणि मग कामाला लागली, कारण दुकान आवरायचं होतं.

दुकान वाद्यदुरुस्तीचं. खाली दुकान, वर घर आणि मधे नुसत्या फळ्या. खाली कुणी शिंकलं तरी वर कळायचं. बाबांनी उभा जन्म तिथे तारा ओढण्यात आणि फुटलेली लाकडं जोडण्यात घालवला. पण त्याआधी सहा वर्षं ते 'चौघे' या ग्रुपमध्ये बेस गिटार वाजवायचे आणि खालचा आवाज लावायचे. एकसारखे आखूड कोट घातलेली, कपाळावर केस आणलेली चार पोरं. साठच्या दशकातलं एक अख्खं वर्ष त्यांचं 'खिडकी उघडी ठेव' घराघरांतल्या रेडिओवर वाजत होतं. पुढे बाबांचं लग्न झालं, हिच्या येण्याची चाहूल लागली, आणि त्यांनी कोट काढून एप्रन चढवला. घरात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

गाणं मात्र घरातून गेलं नाही. दाढी करताना, भांडी विसळताना बाबा ते म्हणायचे, आणि म्हणायचे ते फक्त आपल्या वाटणीचं, खालचं. मूळ चाल त्यांनी घरात कधी गुणगुणलीच नाही. त्यामुळे शाळेच्या एका कार्यक्रमात कर्ण्यावर ती रेकॉर्ड लागली, तेव्हा हिने मैत्रिणींना ठणकावून सांगितलं, "हे आमच्या बाबांचं गाणं नाहीच. यांनी चाल बदललीय." पोरी खो खो हसल्या. बाबांना हे कळलं तेव्हा हसता हसता त्यांना करवत खाली ठेवावी लागली. "अगं वेडे, तुला नुसतं तळघर माहीत आहे. वरचं घर तुला कुणी दाखवलंच नाही."

आता ती रेकॉर्ड तिने पुन्हा पुन्हा लावून पाहिली. पण तिच्यात बाबा बाकीच्या तिघांच्या खाली असे दबलेले, की गादीखाली पडलेली किल्ली चाचपावी तसं व्हायचं. एकाच जागी ते नेमके हाताला लागायचे. शेवटच्या धृपदात 'उघडी' या शब्दाच्या मधेच त्यांनी श्वास घेतला होता. 'उघ' म्हटलं, मग श्वास, मग 'डी'. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी व्हॅन लावायला जागा मिळेना, म्हणून ते जिने धावत चढून आले होते आणि दम खायच्या आत दिवा लाल झाला होता. दुसऱ्यांदा गायला वेळ उरला नव्हता. चूक तशीच छापली गेली आणि लोकांनी ती तशीच डोक्यावर घेतली. एवढा एक श्वास सोडला तर तिच्या हाती काही नव्हतं.

अशात एका दुपारी ग्रुपमधले उरलेले तिघेही म्हातारे दुकानात येऊन टेकले.

पहिले हिरोकाका, ग्रुपचे मुख्य गायक. वय पंचाहत्तरच्या पुढे, केस मात्र काळेकुळकुळीत. दुसरे मास्तरकाका, गिटारवाले; नंतर त्यांनी शाळेत संगीत शिकवलं आणि एका कानात यंत्र बसवून घेतलं. तिसरे ड्रमवाले धडामकाका. त्यांनी आल्या आल्या रिकाम्या डब्यावर बोटांनी ताल धरला.

"बाळ, चहा करू नकोस," धडामकाका म्हणाले. "आम्ही काम काढून आलोय. बिस्किटं असतील तर आण."

काम असं होतं. ज्या थिएटरात ते चौघे पहिल्यांदा उभे राहिले होते, ते डागडुजी करून पुन्हा उघडणार होतं आणि उघडणाऱ्यांना पहिला कार्यक्रम 'चौघां'चाच हवा होता.

"म्हणजे पुन्हा पुनर्मीलन?" ती म्हणाली.

"टोमणा मारतेय," मास्तरकाका म्हणाले. "हे मला यंत्राशिवाय ऐकू आलं."

टोमणा रास्तच होता. बाबांनी ग्रुप सोडला, पण 'चौघे' थांबले नव्हते. बाबांच्या जागी आलेला पहिला माणूस परदेशी गेला. दुसऱ्याचं हिरोकाकांशी फाटलं. तिसऱ्याने जहाजावरच्या कार्यक्रमात समुद्राचा असा धसका घेतला की परत आल्यावर तो तळ्याकाठीही बसेना. मग खुद्द हिरोकाकाच रुसून निघाले आणि जाताना नाव घेऊन गेले. इकडे धडामकाकांनीही नाव सोडलं नाही. तीन वर्षं गावोगाव दोन 'चौघे' हिंडत होते. एकदा तर दोघांना एकाच गावात एकाच संध्याकाळी बोलावणं आलं, एकाला दुकानाच्या उद्घाटनाचं आणि एकाला कारखान्याच्या वाढदिवसाचं. लोक चालत इकडून तिकडे गेले आणि एकच गाणं दोनदा ऐकून आले. कधी 'चौघे' सहा जण असायचे, कधी दोघे आणि एक यंत्र. मग समेट झाला आणि पहिलं पुनर्मीलन झालं. त्यामागून शेवटचं झालं, आणि त्याच्याही मागून खरोखरच शेवटचं.

यांतलं एकही तिने ऐकलं नव्हतं. बाबाही कधी गेले नाहीत. तिकिटं यायची, ती ते शेजाऱ्यांना देऊन टाकायचे. बाबांना ती उसनी माणसं आवडत नसणार, असं तिने लहानपणीच ठरवून टाकलं होतं आणि त्यांच्या वतीने स्वतःही थोडी अढी धरली होती.

"हे पुनर्मीलन वेगळं आहे," हिरोकाकांनी घसा साफ केला. "पहिलेच चौघे. आम्ही तिघे, आणि खर्ज्याच्या जागी खर्ज्याची मुलगी. तू."

खर्ज हे ग्रुपमधलं बाबांचं नाव. सगळ्यांत खालचा सूर त्यांचा, म्हणून.

"मी? मी आंघोळीला गाते तेवढंच."

"काय गातेस?"

"बाबांचं. खालचं."

"मग झालं की! अख्ख्या जगात ते पाठ असलेली तू एकटी."

"एकटी कशी? तुमचा तो आहे ना. नवा."

यावर डब्यावरची बोटं थांबली. नवा म्हणजे बाबांच्या जागी आलेला चौथा माणूस. आला तेव्हा त्याला नवा म्हणायला लागले, ते तसंच राहिलं. त्याला येऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. बाबांनी सहा वर्षं वाजवलं, त्याने अठ्ठावीस, आणि पोस्टरवर फोटो अजून बाबांचाच. शिवाय 'चौघां'चा एक रिवाज होता, नव्या माणसाने स्टेजवर एक पाऊल मागे उभं राहायचं. तो अजून तिथेच उभा राहत होता.

"नव्याचं काय," हिरोकाका बिस्किटाकडे बघत म्हणाले, "तो समजूतदार आहे."

तिने हो म्हटलं. नव्याचा विचार मनात आला नाही असं नाही. पण बाबांच्या जागेवर उभं राहून, बाबांचे सूर रोज तासन्‌तास घशातून काढले, तर कदाचित त्यातून त्यांचा आवाज परत सापडेल, या एका आशेपुढे तिने तो विचार बाजूला सारला.

तालीम मास्तरकाकांच्या शाळेच्या हॉलमध्ये होती. ती पोचली तेव्हा दाराशी व्हॅन उभी होती आणि साठीला टेकलेला, रुंद खांद्यांचा एक माणूस स्पीकर उतरवत होता.

"या ताई," तो म्हणाला. "पायाखाली बघा, वायर आहे."

हाच नवा. त्याला 'तू येऊ नकोस' असं स्पष्ट कुणी सांगितलंच नव्हतं. हिरोकाकांना वाटलं धडामकाकांनी सांगितलं असेल, धडामकाकांना वाटलं मास्तरांनी, आणि मास्तरांनी म्हणे कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. पोस्टर पाहून त्याला कळायचं ते कळलं. तरी तो आला, कारण सामान त्याच्या व्हॅनमध्ये असायचं. त्याने तिच्यासाठी माइक लावला, उंची जुळवली, तो नीट पुढच्या रांगेत सरकवला, आणि स्वतः बेस गिटार गळ्यात घालून मागे एका खोक्यावर जाऊन बसला. वाजवायचं त्यालाच होतं, फक्त गायचं नव्हतं.

पहिलं कडवं कसंबसं निभावलं. धृपद आलं आणि सगळं विसकटलं. बाबांचे सूर इतके खोल होते की तिचा गळा तिथवर उतरेना. मग तिने तेच सूर वरच्या सप्तकात घेतले, लहानपणापासून घ्यायची तसे. पण घरात एकटीने गाताना जे ठीक वाटायचं, ते इथे थेट हिरोकाकांच्या चालीच्या वर जाऊन बसलं.

"थांबा, थांबा!" हिरोकाका ओरडले. "ही तळमजल्याची भाडेकरू माझ्या डोक्यावर येऊन राहिलीय!"

"तू वर जा मग," धडामकाका म्हणाले.

"वर कुठे? वर आहे काय?"

"आहे की. तूच विकून खाल्लंस."

त्यात तथ्य होतं. हिरोकाकांचा गळा उतरला तसं गाणंही उतरत गेलं होतं. दर नव्या संचाबरोबर मास्तर ते एक पट्टी खाली घ्यायचे आणि हिरोकाका मोठ्या मनाने म्हणायचे, "हे नव्या माणसांच्या सोयीसाठी." असं करता करता गाणं इतकं खाली आलं होतं, की त्याच्याखाली आणखी एक आवाज लावायचा म्हणजे विहिरीत उतरणंच होतं.

तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी घशातून नुसतं खरखरणं निघालं. बाबांच्या आवाजाच्या जवळ जाणं दूरच, आता तिचा स्वतःचाही तिला लागेना. ती माइकपासून मागे सरली.

"नव्या," मास्तरकाका म्हणाले, "तिला एकदा म्हणून दाखव रे. कुठे ठेवायचा आवाज ते."

नवा क्षणभर हिरोकाकांकडे पाहत राहिला. मग खोक्यावरून न उठता, मान किंचित खाली घालून त्याने धृपद सुरू केलं. माइक नव्हता. आवाज त्याचाच होता, थोडा जाड, थोडा घोगरा, बाबांच्या आवाजासारखा मुळीच नाही. ती भिंतीला टेकून ऐकत होती. "खिडकी उघ," तो म्हणाला, आणि तिथे त्याने श्वास घेतला, "डी ठेव."

तिच्या अंगावर सरसरून काटा आला आणि त्यामागोमाग राग.

"तो श्वास कशाला घेता?" ती म्हणाली. "ती त्यांची चूक होती. ते धावत आले होते. तुम्हाला काय धाप लागलीय का?"

नव्याने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"मला त्यांनीच घ्यायला लावला, ताई. पहिल्यांदा मी सरळ म्हटलं होतं. ते म्हणाले, चूक आहे खरी, पण आता ती लोकांची झाली, तुला दुरुस्त करायचा हक्क नाही."

"कधी म्हणाले?"

"शिकवताना. तुमच्या दुकानात, मागच्या खोलीत. दर मंगळवारी."

मंगळवार म्हटल्यावर तिला आईच आठवली आधी. जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ती म्हणायची, "तो मोठ्या पेटीवाला आला बाई तुझ्या बापाकडे. एवढी कसली दुरुस्ती निघते दर आठवड्याला? नवीन घेऊन टाक म्हणावं." गिटारची मोठी पेटी घेऊन येणारी माणसं तिच्या लहानपणीही यायची. माणूस बदलायचा, पेटी तशीच असायची. तिला ती गिऱ्हाइकं वाटायची, चेहरे तिने कधी नीट पाहिलेच नव्हते.

"तुमच्या आधीचे तिघं?"

"त्यांनाही त्यांनीच तयार केलं. जहाजवाल्याला तर महिनाभर नुसता 'आ' लावायला बसवलं होतं, तेव्हाच त्याला मळमळायचं म्हणे."

धडामकाका फिसकन हसले आणि लगेच गंभीर झाले. "आम्ही तिकिटं पाठवायचो, तो यायचा नाही. आम्हाला वाटायचं, हा आपल्यावर रागावलाय. आणि दर वेळी नवा माणूस यायचा तो पहिल्याच दिवशी सगळं पाठ करून! हिरो म्हणायचा, बघा, माझ्या निवडीला तोड नाही."

"मला कुठे कुणी सांगितलं?" हिरोकाका पुटपुटले.

"सांगायचं नाही असा दंडक होता," नवा म्हणाला. "घरी तर मुळीच नाही. ते म्हणायचे, बायकोला वाटेल मला परत जायचंय. पोरीला वाटेल मी तिच्यामुळे अडकलो. तसं काही नाही, पण लोकांना समजावत कोण बसणार? त्यापेक्षा तू 'आ' लाव."

'त्यापेक्षा तू आ लाव.' हे वाक्य अगदी बाबांचं होतं. आवाज नव्याचा, पण मधली ती किंचित थांबण्याची जागा, बोलता बोलता विषय झाडून टाकण्याची ती लकब त्यांचीच. तिला घराच्या फळ्या आठवल्या. वर ती अभ्यासाला बसलेली असायची आणि खालून ते सूर यायचे, जमिनीतून, पायांच्या तळव्यांतून. खालून येतोय तो बाबांचाच आवाज, असं ती धरून चालली होती. त्यातले किती सूर बाबांचे होते, किती जहाजवाल्याचे, किती या समोर बसलेल्या माणसाचे? निवडायला गेली तर निवडता येईना. आणि गेले तीन महिने ती ज्या आवाजासाठी घरभर चाचपडत होती, तो इथे खोक्यावर बसून, तिच्यासाठी माइकची उंची जुळवून, गप्प राहिला होता.

"ते तुम्हाला पुढे उभं राहा म्हणाले नाहीत कधी?"

"दर वर्षी म्हणायचे. मी म्हणायचो, तुम्ही आहात तोवर नाही." त्याने गिटारची एक तार जुळवली. "आता ते नाहीत, तर तुम्ही आलात. बरंच झालं. जागा घरातच राहिली."

तो हे मनापासून म्हणाला, आणि तेच तिला सहन झालं नाही.

तिने आपल्या माइकचा स्टँड उचलला. वायर ओढत, खुर्च्यांना अडखळत ती तो मागे घेऊन आली आणि खोक्याच्या शेजारी ठेवला.

"काय करतेस?" मास्तरकाका म्हणाले.

"ग्रुपचा रिवाज आहे ना? नव्या माणसाने एक पाऊल मागे. आज इथे नवी मी आहे."

"आणि मग हा?"

"हा आता नवा कसा राहील?"

धडामकाकांनी दोन्ही काठ्या कपाळाला लावल्या. "अठ्ठावीस वर्षं! अठ्ठावीस वर्षं आपल्या डोक्यात हे आलं नाही. हिरो, आपण तिघे मिळून एक गाढव आहोत."

"पण पोस्टरवर हिचं नाव आहे," हिरोकाका म्हणाले. "ही गाणार काय? खालचं तर हिला येत नाही."

"वरचं गाईन," ती म्हणाली. "चाल. धृपदात तुमच्या जोडीला."

"मला जोडी लागत नाही."

"नाही लागत. पण मी असले तर गाणं परत वर नेता येईल. रेकॉर्डवर आहे तिथे. वरचा सूर मी धरेन, तुम्हाला हवं तेव्हा या, हवं तेव्हा उतरा. लोकांना वाटेल तुम्ही मला संधी देताय."

हिरोकाकांनी केसांवरून हात फिरवला. हे शेवटचं वाक्य त्यांना पसंत पडलं, हे सगळ्यांना दिसलं.

"चाल येते का तुला?" मास्तरकाकांनी विचारलं.

"नाही," तिने कबूल केलं. "तळघरच माहीत आहे. वरचं घर तुम्ही दाखवा."

मास्तरकाकांनी यंत्राचा आवाज वाढवला, खुर्ची ओढली आणि पन्नाशीच्या त्या विद्यार्थिनीला पहिल्या ओळीपासून शिकवायला घेतलं. ती सारखी घसरायची. वरून सुरुवात करायची आणि दुसऱ्या ओळीत सवयीने खाली, बाबांच्या वाटेला जाऊन पोचायची. मग नवा मागून म्हणायचा, "ताई, ही जागा माझी आहे," आणि ती हसून परत वर चढायची. संध्याकाळपर्यंत धृपद उभं राहिलं.

निघताना धडामकाका काठ्या पिशवीत घालता घालता थबकले. "एक अडचण आहे. याला आता हाक काय मारायची?"

एक नाव सगळ्यांच्या मनात होतं आणि सगळेच तिच्याकडे न बघण्याची खटपट करत होते. खोक्यावर विसरलेली व्हॅनची चावी तिने उचलून नव्याच्या हातात दिली.

"खर्ज म्हणा," ती म्हणाली. "बाबांना चाललं असतं."

थिएटर भरलं होतं. नवीन रंगाचा वास येत होता, आणि पुढच्या रांगांतले बहुतेक लोक काठी टेकत आले होते. पडद्यामागे चौघे म्हणवणारे ते पाच जण आपापल्या जागी उभे राहिले. धडामकाकांनी हळूच आवाज दिला, "नव्या, झालं का?" सवयीने मागच्या मागे पाऊल गेलं त्याचं. पण मागे ती उभी होती. तिने दोन्ही तळहात त्याच्या रुंद पाठीला लावले आणि ढकललं, पुढे, बाबांच्या जागेपर्यंत.

पडदा वर गेला. गाणं कित्येक वर्षांनी आपल्या मूळ उंचीवर सुरू झालं. हिरोकाका एका धृपदात वर आले, दुसऱ्यात ऐटीत तिच्याकडे हात करून खाली उतरले आणि टाळ्या घेऊन गेले. शेवटच्या धृपदाला ती वरचा सूर धरून उभी होती. तिला आता खालचं गायचं नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ते नुसतं ऐकता येत होतं, पायाखालच्या फळ्यांतून, तळव्यांतून वर येताना. "खिडकी उघ," खर्ज म्हणाला, आणि ती थांबली, सगळं थिएटर थांबलं, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीही त्याच्याबरोबर श्वास घेतला.